‘माझा एएमएच ७.९, जाऊबाईंचा ६.८, मग डोस मलाच दुप्पट का?’

ताई, नमस्कार. मी मालवण तालुक्यातली. वय ३१, लग्नाला पाच वर्षं झाली. आमचे हे ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत. दिवस राहत नाहीत म्हणून कोल्हापूरला दाखवतोय. गेल्या ऑक्टोबरात माझा एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, १.२ आला. डॉक्टर म्हणाल्या, वयाच्या मानाने कमी आहे, आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करा. सासूबाईंनी त्यातून एवढंच घेतलं, की ‘हिची अंडी सोपली’, म्हणजे संपली. मग नात्यातल्या एकांनी मोबाइलवर जाहिरात बघून पावडर मागवून दिली, तीन महिन्यांची नऊ हजारांना. ती संपल्यावर कुडाळला रक्त दिलं, ते मुंबईच्या लॅबला गेलं आणि रिपोर्ट आला ७.९! घरात पेढे आले. पण डॉक्टरांनी तो कागद बघून सांगितलं, अंडी वाढवायचं इंजेक्शन ३०० युनिटचंच. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा ६.८ होता. त्यांना पहिल्या ठिकाणी २२५ दिलं तेव्हा पोटात पाणी होऊन आठ दिवस ॲडमिट राहावं लागलं. मग कोल्हापूरला १५० दिलं आणि आज त्यांना दोन वर्षांची मुलगी आहे. माझा आकडा त्यांच्याहून जास्त, तरी मला दुप्पट का? मलाही तसंच झालं तर? दुसऱ्या एका सेंटरवाले म्हणतात, आम्ही हार्मोन बघून पर्सनलाइज्ड डोस देतो, त्याचे चाळीस हजार जादा. उलट आमच्या ह्यांचं म्हणणं, एकाच खेपेचे पैसे आहेत तर एकदाच ४५० घे आणि काय ती अंडी काढून टाक. पण मग पुढची अंडी संपतील ना? माझ्या दोन्ही रिपोर्टांचे आणि जाऊबाईंच्या रिपोर्टाचा फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक

प्रिय बाय,

वयाने तुझ्या आईएवढी आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते. फोटो पाठवलेस हे फार बरं केलंस. तुझ्या सगळ्या गोंधळाचं मूळ तुझ्या दोन कागदांतच आहे आणि नुसत्या पत्रावरून ते मला कळलंच नसतं.

ते दोन्ही कागद आता समोर घे. ऑक्टोबरच्या रिपोर्टवर १.२ च्या उजवीकडे बारीक अक्षरात ‘नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर’चं एकक छापलंय. मुंबईहून आलेल्या कागदावर ७.९ च्या पुढे बघ. तिथे ‘पिकोमोल प्रति लिटर’ आहे. ही दोन वेगळी मापं आहेत. बंदरावर एक जण मासळी टोपल्यांत मोजतो, दुसरा किलोत. आठ किलोवाल्याने एक टोपलीवाल्याला ‘माझी मासळी जास्त’ म्हटलं तर तुझे यजमानच त्याला हसतील. एएमएचमध्ये १ नॅनोग्रॅमचे ७.१४ पिकोमोल होतात. तुझ्या ७.९ ला ७.१४ ने भाग, येतात १.१.

म्हणजे ऑक्टोबरात १.२ आणि आता १.१. वाढला नाही आणि घाबरावं असा घटलाही नाही. दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळी यंत्रं, तेवढा फरक पडतोच. जाऊबाईंचा ६.८ हा कोल्हापूरच्या लॅबचा, नॅनोग्रॅममधला. तुझ्या दुसऱ्या कागदाच्या मापात तो ४८ च्या वर जातो. तुझा त्यांच्याहून जास्त नाही, त्यांचा तुझ्या सहापट आहे.

हे वाचून तुझ्या पोटात खड्डा पडला असणार, मला कल्पना आहे. पेढे वाटून झालेत. पण पुढचं वाचल्याशिवाय रडू नकोस. तुझ्या डॉक्टरांना हे कागद बघताक्षणी कळलं, म्हणून तर त्यांनी डोस बदलला नाही. त्यांनी ते तुलाही दोन वाक्यांत समजावून द्यायला हवं होतं. ओपीडीत रांग लागलेली असते हे मी जन्मभर बघितलंय, तरीही हवंच होतं.

आता हा आकडा नक्की काय सांगतो ते बघू. एएमएच म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन. बीजकोशात अगदी बारीक पिशव्या असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात, आणि त्या प्रत्येकीत एक अंडं झोपलेलं असतं. या पिशव्यांतल्या, अंड्याभोवतीच्या पेशी हा हार्मोन बनवतात. पिशव्या जास्त तर रक्तात एएमएच जास्त, कमी तर कमी. आयव्हीएफची इंजेक्शनं म्हणजे बहुतेक एफएसएच, पिशवी वाढवणारा हार्मोन. त्याच्या हाकेला किती पिशव्या ओ देतील, याचा अंदाज एएमएचवरून आधीच बांधता येतो. जाऊबाईंच्या बीजकोशात, बहुधा पीसीओएस (बीजकोशात बारीक पिशव्या फार असण्याची तक्रार) असल्यामुळे, ओ द्यायला खूप जणी होत्या. त्यांना २२५ दिलं आणि सगळ्या एकदम उठल्या. बीजकोश सुजले, रक्तातलं पाणी झिरपून पोटात साठलं. याला ओएचएसएस म्हणतात आणि क्वचित ते जिवावर बेततं. दीडशेवर त्यांचं व्यवस्थित पार पडलं ते त्यामुळेच. तुझ्याकडे पिशव्या कमी आहेत, म्हणून तुझ्या बाबतीत ती भीती बरीच कमी. तरी इंजेक्शनं चालू असताना किंवा अंडी काढल्यावर पोट दगडासारखं ताणलं, दम लागला, लघवी कमी झाली, वजन दोन दिवसांत भरभर वाढलं, तर रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एएमएच नव्हता. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच बघायचा, वय आणि वजन बघायचं, आणि पहिल्या डोसला अंदाजाने हात घालायचा. तेव्हाचं औषधसुद्धा पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढलेलं असे. मुंबईत शिकत असताना एक मुलगी माझ्या वॉर्डात होती, विशीतली, अंगाने काटकुळी. इंजेक्शनांनंतर तिचं पोट आठ महिन्यांच्या बाईसारखं झालं होतं. तिला पाठ टेकता येईना, तीन रात्री ती उशांना टेकून बसून होती. उजाडलं की आधी तिच्या पोटाभोवती टेप लावून वहीत आकडा लिहायचा, ते माझं काम. सुखरूप घरी गेली, पण तो टेपचा आकडा सेंटिमीटर-सेंटिमीटरने वर जाताना मी पाहिलाय. म्हणून हार्मोन बघून डोस ठरवणं हे मला थोतांड वाटत नाही. जाऊबाईंसारख्या बाईला त्यामुळे खरंच वाचवता येतं.

पण मग चाळीस हजार द्यायचे का? माझं मत, नुसत्या ‘पर्सनलाइज्ड’ या शब्दाला एक रुपयाही देऊ नकोस. एएमएच, सोनोग्राफीत मोजलेल्या बारीक पिशव्या, वय, वजन आणि आधीच्या खेपेला अंगाने काय उत्तर दिलं होतं, एवढं बघूनच कुठलाही जाणता डॉक्टर डोस ठरवतो. तुझ्या डॉक्टरांनी तुला ३०० आणि जाऊबाईंना १५० दिलं, ते दुसरं काय आहे? तुला ती सेवा मिळते आहे, फक्त तिला नाव दिलेलं नाही.

एक औषध मात्र असं आहे की ज्याच्या माहितीपत्रातच एएमएच आणि वजनावरून डोस काढायचं कोष्टक असतं. फॉलिट्रोपिन डेल्टा त्याचं नाव, युरोपात त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्या सेंटरवाल्यांच्या डोक्यात कदाचित हेच असेल, विचारून घे. त्या कोष्टकातले आकडे पिकोमोलमध्ये आहेत. १५ पिकोमोलच्या खाली एएमएच असेल तर वजन कितीही असो, रोज १२ मायक्रोग्रॅम. १५ किंवा त्यावर असेल तर दर किलोमागे हिशेब. तू १५ च्या खाली बसतेस, म्हणजे तुझ्यासाठी तिथेही ठरलेलाच डोस. या औषधाची १,३२६ बायकांवर मोठी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला असा मोजून-मापून डोस, दुसऱ्याला १५० पासून सुरू होणारं नेहमीचं औषध. दिवस राहून ते टिकण्याचं प्रमाण पहिल्यांत ३०.७ टक्के, दुसऱ्यांत ३१.६. म्हणजे सारखंच. फरक पडला तो ओएचएसएस टाळण्यासाठी कराव्या लागणाऱ्या उपायांत. ते मोजून डोस दिलेल्यांत निम्म्यावर आले. बघ, फायदा सुरक्षिततेचा आहे, आणि तो जास्त करून जाऊबाईंच्या बाजूच्या बायकांना. ‘हार्मोन बघून डोस दिला की बाळ नक्की’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून ये.

उठण्याआधी एक विचारून घे: आयव्हीएफ केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे तुमची नोंदणी आहे का, क्रमांक काय? आयव्हीएफ करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला ती बंधनकारक आहे.

आता यजमानांचं ४५०. त्यांचा हिशेब मला कळतो. डिझेल टाकलंय, बर्फ भरलाय, माणसं घेतलीत, तर जाळं मोठंच टाकावं. पण तिथे मासळीच तेवढी असेल तर जाळं मोठं करून काय उपयोग? नेदरलँड्समध्ये १,५१५ बायकांवर याचाच अभ्यास झाला, तोही २०१७ चाच. सोनोग्राफीत ज्यांच्या पिशव्या कमी दिसत होत्या, त्यांतल्या काहींना नेहमीचं १५० दिलं आणि काहींना वाढवून २२५ किंवा ४५०. दीड वर्षाच्या शेवटी मूल हाती आलेल्या बायका वाढीव डोसवाल्यांत ४२.४ टक्के होत्या आणि १५० वाल्यांत ४४.८. इंजेक्शनांचा खर्च तेवढा वाढला. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते, की कमी प्रतिसादाच्या बायकांना ३०० च्या वर जाऊ नये.

तेव्हा ४५० नाही. आणि ३०० बद्दलसुद्धा डॉक्टरांना मोकळेपणाने विचार: ‘मॅडम, माझ्यासाठी २२५ किंवा १५० का नको?’ त्यांच्याकडे कारण असेल. तुझ्या सोनोग्राफीत त्यांनी काही पाहिलं असेल, वजन धरलं असेल. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आपल्याकडे बायका डॉक्टरांसमोर मान डोलावतात आणि एसटीत बसल्यावर शेजारणीला प्रश्न विचारतात. तू वहीत लिहून ने. शिवाय पहिल्या दिवशीचा डोस म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. पाच-सहा दिवसांनी सोनोग्राफी होते, काही ठिकाणी इस्ट्रोजेनचं रक्तही बघतात, आणि पिशव्या कशा वाढताहेत ते पाहून पुढचं ठरतं.

अंडी संपण्याची भीती मात्र मनातून काढून टाक. दर महिन्याला बीजकोशात पिशव्यांची एक तुकडी पुढे येते. त्यातली एक पिकते, बाकीच्या आपोआप विरून जातात, तू इंजेक्शन घे किंवा न घे. इंजेक्शन त्या विरणाऱ्यांतल्याच काहींना जगवतं. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला ते हात लावत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी तुझ्या पत्रात प्रश्न म्हणून कुठेच नाही पण ओळीओळीत आहे. ‘अंडी सोपली.’ बाय, एएमएच किती अंडी मिळतील ते सांगतो, ती कशी असतील ते सांगत नाही. अंडं कसं असेल ते बरंचसं वयावर ठरतं, आणि तू ३१ ची आहेस. मला ३१ व्या वर्षी १.१ असलेली बाई चाळिशीत ४ असलेल्या बाईपेक्षा केव्हाही बरी वाटते. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका तपासल्या होत्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या. ज्यांचा एएमएच ०.७ नॅनोग्रॅमच्याही खाली होता, त्यांना सहा महिन्यांत आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण बाकीच्यांइतकंच निघालं. तुझी गोष्ट थोडी वेगळी, कारण तू पाच वर्षं थांबली आहेस. पण त्याचाच अर्थ असाही होतो, की पाच वर्षं दिवस न राहण्याचं कारण हा एकटा आकडा असेलच असं नाही.

म्हणून विचारते, यजमानांची तपासणी झाली का? तुझ्या अख्ख्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तुझं रक्त दोनदा गेलं, नऊ हजारांची पावडर झाली, आणि वीर्यतपासणी, जी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, ती राहूनच गेली असेल तर हे उलटं झालं. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावे लागतात, दर्यावरून परतल्यावर सहज जमेल. रिपोर्ट बिघडलेला आला तर आणखी एकदा करायची, एकावरून ठरवायचं नाही. तुझ्या गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहिलंय का, तेही विचार. अंडी काढायच्या दिवशी ते समुद्रावर असण्याची शक्यता असेल तर नमुना आधीच गोठवून ठेवता येतो.

पावडर बंद कर. जाहिरातीतल्या डब्यात काय असतं ते कुणाला माहीत नसतं. कधी त्यात हार्मोनच मिसळलेले असतात, कधी शिसं-पारा. आणि एएमएच आता पुन्हा करू नकोस. केला तर त्याच लॅबमध्ये, त्याच मापात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर रक्त देण्याआधी सांग, त्याने काही यंत्रांवर आकडे चुकतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच थोडा कमी दिसतो, तेही लक्षात असू दे.

सासूबाईंना कोण सांगणार? तू नाही. यजमानांनी सांगायचं, त्यांच्या आईला, त्यांच्या भाषेत: ‘आये, माप वेगळा होता.’ बंदरावर आयुष्य गेलेल्या बाईला टोपली आणि किलोतला फरक कळायला वेळ लागणार नाही. त्यांनी पेढे आणले ते तुला टोचायला नव्हे, त्यांनाही आस लागली आहे. ‘सोपली’ म्हणाल्या ते चुकलंच, पण तो शब्द त्यांनी डॉक्टरांच्या अर्ध्या वाक्यातून उचललाय. पुढच्या वेळी त्यांनाही कोल्हापूरला घेऊन जा, पूर्ण वाक्य ऐकू दे. आणि जाऊबाईंशी बोल. आठ दिवस पोटात पाणी घेऊन पडलेल्या बाईइतकं या घरात तुला दुसरं कुणी समजून घेणार नाही.

वेळेचं म्हणशील तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, यजमान घरी असतात, म्हणून तुम्ही तेच दिवस धराल. चालेल, पण पावसात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. इंजेक्शनं आठ ते बारा दिवस चालतात, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. रोज फोंडा घाट चढ-उतर करण्यापेक्षा तेवढे दिवस कोल्हापुरात नातेवाइकांकडे राहा, किंवा मधल्या सोनोग्राफी कुडाळला करून फोनवर कळवल्या तर चालेल का, ते आधी विचार. शेवटचं इंजेक्शन अंडी काढण्याच्या साधारण ३४ ते ३६ तास आधी घड्याळ लावून घ्यायचं असतं. ती वेळ चुकली तर सगळी खेप फुकट जाते, म्हणून त्या रात्री तरी दवाखान्याजवळच मुक्काम हवा.

इंजेक्शनांपैकी बरीचशी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. वीज गेली की तुमच्याकडे बर्फाला तोटा नाही, आणि नेमकी तिथेच चूक होते. मासळीच्या पेटीत बर्फावर ठेवलेलं इंजेक्शन गोठतं आणि गोठलेलं औषध फेकून द्यावं लागतं. थर्मासच्या पिशवीत बर्फाची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळायची, मग इंजेक्शन, दोघांचा थेट स्पर्श होऊ द्यायचा नाही. फ्रिजमध्येही मागच्या भिंतीला टेकवून किंवा फ्रीझरच्या लगत ठेवू नकोस.

एवढं करून पहिल्या खेपेला दोन-तीनच अंडी मिळाली, तर ते तुझं अपयश नाही, तेवढंच अपेक्षित आहे. त्यातलं एक पुरतं कधीकधी. म्हणूनच सगळे पैसे एका खेपेत आणि मोठ्या डोसात घालू नका. डोस कमी ठेवून जे वाचेल ते दुसऱ्या खेपेसाठी बाजूला राहू दे.

कोल्हापूरला जाताना दोन्ही रिपोर्ट घे, यजमानांचा करून घेऊन तोही घे, प्रश्नांची वही घे. आणि पावडरीचा तो रिकामा डबा टाकून दिला नसशील, तर लेबलासकट पिशवीत ठेव. डॉक्टरांना दाखव.

तुझी,
ताई